करंजतेलाच्या शेडचं सील

करंजतेलाचा विषय निघाला की ओतूरजवळची ती केस अजून माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते.

थंडीचे दिवस होते. एका टेम्पोमालकाने आमच्या पोलीस ठाण्यात येऊन खबर दिली, की गावाबाहेरच्या शेडमध्ये बायोडिझेल म्हणून कारखान्याचं, भट्टीत जाळायचं स्वस्त तेल विकतात. डिझेलवर कर जास्त, बायोडिझेल स्वच्छ इंधन म्हणून त्यावर कमी. या फरकावर हात मारणारे तेव्हा बरेच निघाले होते.

"मी सोता पहाटं भरलं, तसाच टमाटे घेऊन निघालो, अन् इंजिन बसलं राव," तो म्हणाला.

पुरवठा निरीक्षकांसोबत छापा टाकला. कोपऱ्यात कारखान्याच्या तेलाची दोन पिंपं निघालीच. शेडचा मालक घाटघरकडच्या बायकांकडून करंजाच्या बिया घेऊन इंधन बनवायचा. परवाना होता; पण मुद्देमाल सापडल्यावर परवान्याला कोण विचारतो? शेडला सील लागलं, माणूस ठाण्यात आला. आता त्याला कोठडीच दिसत होती.

"ती पिंपं त्या टेम्पोवाल्यानंच ठिवली साहेब. सांजच्याला नेतो म्हनला. वळखीच्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं?"

असं प्रत्येकच आरोपी म्हणतो. मी चांगलंच दरडावलं. तो भांडला नाही. "आमचं राहू द्या, त्या बायांनी औंदा बिया कुनाला घालायच्या?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जप्त केलेली सगळी पिंपं ठाण्याच्या आवारात मांडून पंचांसमोर नमुने काढायला घेतले. हवालदाराने मालकाच्या पिंपाला हातपंप मारून मारून घाम गाळला, तेल येईना. झाकण काढलं तर आत तुपासारखं थिजलेलं.

"गारठ्यात करंजाचं थिजतंच साहेब," मालक म्हणाला. "उन्हं वर आल्याबिगर मी कुनालाच देत नाय. समद्या गिऱ्हाइकांना ठावं हाय."

कोपऱ्यात सापडलेली ती दोन पिंपं मात्र पाण्यासारखी वाहत होती. मी टेम्पोमालकाला बोलावून घेतलं.

"पहाटे कसं भरलंस?"

"समद्यांना देतो त्याच पिंपाला नळी लावली, सरळ टाकीत."

त्याला थिजलेल्या पिंपापुढे उभं केलं. "भर आता."

त्याने आत पाहिलं आणि चेहरा पडला. पुढचा जबाब सरळ आला. कारखान्याचं तेल विकायचा धंदा त्याचाच होता, गिऱ्हाईक शेडकडे वळू लागलं म्हणून पिंपं ठेवून खबर दिली. चोराच्या उलट्या बोंबा! त्याच्या गाळ्यावर आणखी साठा मिळाला. प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

डिझेलच्या करातून रस्ते होतात, माझा पगारही त्यातूनच आला. कर बुडवणाऱ्याला सोडू नये, हे मी आजही म्हणेन. पण सवलत आली की तिच्यामागे लबाड येणारच, आणि त्याला धरताना सुक्याबरोबर ओलंही जळालं तर उद्या स्वच्छ इंधनाच्या वाटेला जाईल कोण? हे मला त्या केसने शिकवलं.

आदेश आल्यावर शेडचं सील काढायला मी स्वतः गेलो. ते काम हवालदाराचं, पण मला दुसऱ्या कोणाला पाठवायचं नव्हतं. नोकरीत कितीतरी सीलं लावली. काढताना इतकं हलकं वाटलं, ते तेवढं एकच.