न्हाणीचं पाणी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आधी लाज वाटत होती म्हणून, नंतर ती जुनी झाली म्हणून, आणि शेवटी वहिनी आहेत अजून, कधीही सांगता येईल, या भरवशावर. मागच्या महिन्यात तो भरवसाही संपला. मी युसूफवडगावच्या बाजारात होतो. पुतणीचा फोन आला, "काका, आई गेली." हातातली पिशवी तिथंच एका ओट्यावर विसरून मी निघालो... पिशवीत विकतची मेथी होती. आमच्या घरात विकतची मेथी कशी आली, तेच आज लिहायचं आहे. कारण तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "बाई गुणाची होती, पण तेवढं एक इखाच्या पाण्याचं..." शेजारच्यानं मान हलवली. मी खाली बघून जेवत राहिलो.

सुभद्रावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ परळीला वीजकेंद्रात कामाला, सुट्टीपुरता घरी यायचा. घर चालायचं ते वहिनींवर आणि घरामागच्या परसावर. आमच्याकडे पाण्याची ओढ कायमची, म्हणून त्यांचा एक नियम होता. घरातलं पाणी घराबाहेर जायचं नाही. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी न्हाणीच्या दगडावर ओतायचं. तिथून ते नालीनं परसात जायचं. नालीच्या तोंडाशी पानओवा आणि गवती चहा, पुढं मेथी, आळू, दोडक्याचे वेल, आणि उरलंसुरलं पाणी शेवग्याला. बाजारातून मीठ, गूळ आणि चहापत्ती सोडली तर काही यायचं नाही. बियाणं चुलीच्या राखेत ठेवलेलं असायचं. एकदा भावानं मोठ्या हौसेनं परळीहून वीजकेंद्रातल्या राखेचं पोतं आणलं. राख ती राख, असा त्याचा हिशोब. वहिनींनी चिमूटभर बोटात घेऊन हुंगली आणि म्हणाल्या, "ही चुलीची न्हाई. हिला भाकरीचा वास न्हाई. न्या माघारी." भाऊ बिचारा पोतं घेऊन ओट्यावर बसला.

खोकला, पोटदुखी, अंगावरचं पुरळ, असल्या बारीक दुखण्यांना आळीतल्या बायका परसाच्या दारातून यायच्या. वहिनी पानं तोडून द्यायच्या आणि वर दम भरायच्या, "उद्यापत्तर उतार पडला न्हाई तर दवाखाना गाठायचा. माज्या दारात बसायचं न्हाई." मी मात्र गोळ्यांवर विश्वास ठेवणारा. मला बघून त्या म्हणायच्या, "भावजी, तुमचा खिसा म्हंजी औषधाचं दुकान हाय. हलवला की वाजतोय."

त्या वर्षी मी कापसावर फवारणी केली. पंप दुसऱ्याचा होता, धुऊन परत द्यायचा होता. शेतातल्या हौदावर जनावरं पाणी पितात, तिथं धुवायचा नाही, एवढी अक्कल मला होती. म्हणून घरी आलो. रस्त्यावर पाणी सांडलेलं वहिनींना खपायचं नाही... मी पंप न्हाणीच्या दगडावर विसळला. वर्षानुवर्षांची सवय. पाणी कुठं जातं, हे डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रतनमावशी खोकत आल्या. वहिनींनी नालीच्या तोंडाशीच असलेला पानओवा तोडला, पानं पाण्यातून काढून मिठाच्या खड्याबरोबर चावायला दिली. दुपारपर्यंत मावशींना उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळायला लागली. त्यांचा मुलगा बबन, माझ्या बरोबरीचा, अंगणात येऊन ओरडला, "काय खाऊ घातलं माज्या मायला?" वहिनी म्हणाल्या, "पानओवा दिला, बबन. दुसरं काय बी न्हाई." पानओवा म्हटल्याबरोबर मला न्हाणीचा दगड दिसला. आणि मी बबनला म्हणालो, "मी कधीचं सांगतोय यांना, असले उद्योग बंद करा म्हणून."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या परसात गेल्या. आम्ही मावशींना जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "फवारणीचं काही पोटात गेलंय का?" बबन माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीकडे बघत राहिलो... एवढ्यात दारातून आवाज आला. वहिनी मिळेल त्या गाडीनं आमच्या मागून आल्या होत्या. पदर चिखलानं भरलेला, हातात माझ्या फवारणीच्या औषधाचा डबा. पानांपाशी वाकून त्यांनी वास घेतला होता. "ह्याचं पाणी पडलंय पानांवर," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी टाकलं?" वहिनी थांबल्या. ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी ती भरली नाही. मग त्या म्हणाल्या, "माज्या हातून सांडलं. आधी हिला बघा."

मावशी वाचल्या. वहिनींचं नाव मात्र गेलं. भाजीवरची कीड मारायला बाई इख घालते आणि तीच पानं लोकांना चारते, असं गावभर झालं. परसाच्या दारातून येणं बंद झालं.

चार-पाच दिवसांनी मला जेवायला वाढताना त्या म्हणाल्या, "भावजी, मी वाट बघितली तुमची."

"कशाची?" मी विचारलं.

दवाखान्यातल्या गप्प बसण्याला भीतीचं निमित्त तरी होतं. या प्रश्नाला काहीच नव्हतं. वहिनींनी ताटात भाकरी ठेवली आणि आत गेल्या. त्याच दिवशी त्यांनी जुन्या लुगड्याचा बोळा करून नालीचं तोंड बंद केलं आणि न्हाणीचं पाणी रस्त्याकडं काढून दिलं. बियांसाठी वेलावर राखलेले दोडके तिथंच वाळून फुटले, त्यांनी उचललेसुद्धा नाहीत. उन्हाळ्यात परस जळालं, शेवगा तेवढा तगला. आणि मग माझ्या ताटात बाजारची भाजी यायला लागली. रोज, वेळेवर, गरम. त्या कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मी सुटलो असतो.

शेवटच्या आजारात त्यांना खोकल्यानं धरलं होतं. डॉक्टरांची बाटली उशाशी होतीच. मी कुणाकडून तरी पानओव्याची दोन पानं मागून आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"धुतली का, भावजी?"

"धुतली," मी म्हणालो. यापुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्यांनी मूठ मिटली, डोळेही मिटले. मी उठून बाहेर आलो.

परवा मी नालीतला बोळा ओढून काढला. कुजून चिकटला होता, तुकड्यातुकड्यानं निघाला. आता सकाळी अंघोळ झाली की त्याच दगडावर बसून राहतो. पाणी परसात जातं, कोरड्या मातीत मुरतं, शेवग्यापर्यंत पोचतही नाही. वहिनी, ते पाणी माझ्या हातून गेलं होतं, तुमच्या नव्हे, मला माफ करा... एवढंच म्हणायचं होतं.