भिंतीचं कपाळ

विजयश्री म्हणजे देहूरोडच्या फिटरची पोर. आधी चित्रकला शिकली, मग कॉम्प्युटर, आणि आता माणसाने हात हलवला की हलणाऱ्या, बोललं की बोलणाऱ्या भिंती बनवते. रावेतच्या सोसायटीत कुणी "म्हणजे नक्की काय करतेस गं?" विचारलं, की तिचं टाळकं सरकतं.

चाकणच्या एका कारखान्यात तिने अशीच भिंत उभी केली. नव्या कामगाराने समोर उभं राहून चित्रातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये हात घातला, की भिंत ओरडायची. मॅनेजर निरंजनसाहेब म्हणाले, "हिला चेहरा द्या, पोरं बुजतात." तिने चेहरा काढला आणि कॅमेरा बसवला बरोब्बर दोन भुवयांच्या मध्ये. तिथून सगळे नीट दिसत होते.

खंडेनवमीला ज्याने त्याने आपापल्या मशीनची पूजा केली. ट्रेनिंगची खोली झाडणाऱ्या शालनबाईंनी भिंतीला हार घातला आणि भुवयांच्या मध्ये कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं. दसऱ्यानंतर बाहेरचे पाहुणे आले, तर भिंत ठार आंधळी. हात घाला, पाय घाला, ढिम्म हलेना. आता बोला!

निरंजनसाहेबांनी विजयश्रीला बोलावून घेतलं. "बाईने छेडछाड केली, एवढं रिपोर्टमध्ये लिहा. तिला आजच काढतो."

शालनबाई दाराशीच उभ्या होत्या. "वंगाळ काय केलं न्हाई मी. कपाळ दिसलं, कुंकू लावलं." साहेबांनी त्यांना हातानेच बाहेर पिटाळलं.

विजयश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरिबाच्या पोटावर पाय द्यायला निघालेल्या त्या माणसाचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. लोक भिंतीशी कसे वागतील हे ओळखणं हाच तिचा धंदा. खंडेनवमीला वडील पान्यांना कुंकू लावायचे, ते बघत ती मोठी झाली, आणि हे तिला सुचू नये?

"कपाळ मी काढलं," ती म्हणाली. "तसंच लिहिणार."

"मग इथली पुढची कामं विसरा."

"विसरले." दोष रचनेचा आहे आणि रचना माझी आहे, असं तिथेच बसून तिने लिहिलं आणि मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना धाडून दिलं.

शालनबाईंची नोकरी वाचली. सोमवारी विजयश्री आपलं सामान न्यायला गेली, तर गेटवर वॉचमनने तिचा पासच काढून घेतला. सामान बाहेर आणून देतो म्हणाला. ती उन्हात उभी राहिली. तेवढ्यात शालनबाई डबा घेऊन लगबगीने आत निघाल्या.

"आज सुट्टी व्हय बाई तुमाला?"

संताप गिळून विजयश्री गेटमधून बाजूला सरकली. "हो," ती म्हणाली. "जा तुम्ही, उशीर होईल."