गाडीच्या दारातले स्पीकर

काकू पॅरालिसिसने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा समोरच्या काकांनी गाडी विकली. दारातले स्पीकर मात्र आधी काढून घेतले आणि हॉलमध्ये काकूंच्या कॉटच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवून घरातल्या जुन्या अँप्लिफायरमधून टीव्हीला जोडले. "आमचं होम थिएटर हाय," असं सगळ्यांना सांगतात.

गाडीचे स्पीकर या अँप्लिफायरला झेपत नाहीत, तो तापून बंद पडेल, असं मी बजावलं होतं. "पडू दे की," म्हणाले. काकांनी 'की' लावला की विषय संपतो.

रोज दुपारी ते आवाज पूर्ण सोडतात. आमच्या फडताळातली भांडी थरथरतात. रविवारी वैतागून मी सांगायलाच गेलो. काका टीव्हीकडे बघतही नव्हते. वाकून काकूंचे ओठ न्याहाळत होते.

"गाडीत बसली की पयलं हेच," ते मला ओरडून म्हणाले. "'अवो, आवाज कमी करा.' आज म्हणंल बघ."

काकूंची नजर छताला लागलेली. तेवढ्यात अँप्लिफायर तापून बंद पडला.

काका आणखी खाली वाकले आणि काकूंच्या कानाशी हळूच म्हणाले, "केला बघ बंद. उगं चिडू नगं."