पाव्हण्यांच्या गाईच्या गोचिडी

गोचीड या जिवाबद्दल मला तसूभरही दया नाही. डास निदान कानाशी गुणगुणत येतो. ही मुकाट्याने चिकटते, पीत बसते, एरंडीच्या बीएवढी टम्म फुगते आणि पोट भरलं की गळून पडते. आळशी, खादाड, निर्लज्ज. पण तिच्याहून जास्त तिरस्कार मला तिला पोसणाऱ्या घरांचा आहे.

असंच एक घर आम्ही धाकट्या बहिणीसाठी बघायला गेलो होतो. आमचं गाव युसूफ वडगावजवळ, मुलाचं दिंद्रुडच्या अलीकडे. वडील, चुलते आणि मी. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झालेली. घरातल्या चार गोष्टी बाईलाच दिसतात म्हणून मला मुद्दाम सासरहून बोलावून घेतलं होतं. घर चकचकीत होतं. फरशीत तोंड बघावं, भिंतीएवढा टीव्ही, सोफ्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. चुलते तर बसल्या बसल्याच विरघळले. पोहे संपेपर्यंत त्यांच्या मनात साखरपुडा उरकलासुद्धा होता.

मी हात धुवायला मागच्या दाराने गेले आणि गाय दिसली. कानात, मानेखाली, कासेवर, शेपटीच्या बुडाशी, बोट ठेवायला जागा नाही इतक्या गोचिडी. बिचारी खांबाला अंग घासून घासून थकली होती. मला राहवलं नाही. ठेवणीतली साडी खोचून मी तिच्या कानातल्या एकेक उपटून दगडावर ठेचू लागले.

मागून नवरदेव आला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल.

"कावून हात घाण करायलाव ताई? मी तर तिकडं जातच न्हाई. लई वास येतो."

तिच्याच दुधाचा चहा मात्र साहेबांनी आत्ता माझ्यासमोर दोन वेळा घेतला होता. तेवढ्यात त्याची आई आली आणि हसून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ ताई. आता येणारी हायच की. ती काढील."

गाडीत बसल्याबरोबर मी सांगून टाकलं, बडा घर पोकळ वासा, इथं पोरगी द्यायची नाही. चुलते खो खो हसले.

"गोचिडीपायी सोयरीक मोडती का कुठं? घरोघरी मातीच्या चुली."

वडील जरा विचारात पडले. मग मला समजावत म्हणाले, "गाय मुकी हाय, बाई. आपली पोरगी काय मुकी हाय का? तरास झाला तर बोलंल की."

"अकरा वर्षं झाली, मी बोलायलेय, अण्णा," मी म्हणाले. "कुणी ऐकलं?"

धारूरचा घाट चढून आल्यावर वडिलांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरून त्यांनी मध्यस्थाला फोन केला आणि आम्हाला जमणार नाही असं स्पष्ट सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. बहीण सुटली होती.

ते परत येऊन बसले तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता मला काहीतरी विचारतील. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, केजला किती वाजेपर्यंत पोचू म्हणून.