थांबा मॅडम

समोरचा माणूस उत्तर देईपर्यंत गप्प बसून राहणं मॅडमना जेवढं जमायचं, तेवढं मी दुसऱ्या कुणाला जमताना पाहिलेलं नाही. बंडूमामाला एखादा प्रश्न विचारायच्या आणि बसून राहायच्या. पंखा फिरत राहायचा, खाली भाजीवाला ओरडून पुढच्या गल्लीत जायचा. आईला ते सहन व्हायचं नाही. ती मामाच्या वतीने तोंड उघडायची, तोच मॅडमचा तळवा वर. "थांबा. त्यांना बोलू द्या." घरात त्यांचं नाव थांबा मॅडम पडलं. आईने ते रागाने ठेवलं होतं, मामा कौतुकाने घ्यायचा.

बंडूमामा आईचा धाकटा भाऊ. वयाने पंचेचाळिशीचा, समज मात्र लहान मुलाएवढी. आजी गेल्यापासून तो आमच्याकडे, सिडकोतल्या फ्लॅटमध्ये राहतो. दिवसा त्याच्यासारख्या मोठ्या माणसांच्या केंद्रात जाऊन कागदी पिशव्या चिकटवतो. मॅडम त्या केंद्राच्या समाजसेविका, महिन्यातून एकदा घरी यायच्या. मामाला त्या त्याच्या खऱ्या नावाने, वसंतराव म्हणत. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा कोण आलंय म्हणून मामाने मागे वळून पाहिलं होतं.

आईने केलेला चहा त्या कधी घेत नसत. "वसंतराव करतील तेव्हा घेईन." आईला तो अपमान वाटायचा. "माझ्या हाताला काय झालंय?" असं ती मॅडम गेल्यावर मला विचारायची. मी नुसती हसायचे. दोन-तीन भेटींनंतर मामा खरंच चहा करायला लागला. साखर फार असायची. मॅडम कप संपवायच्या आणि म्हणायच्या, "गोड लय झालाय. पुढच्या वेळी कमी." खोटं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. मामा मात्र दिवसभर खूश असायचा.

एकदा त्यांनी मामाच्या समोरच आईला विचारलं, "ताई, तुमच्यानंतर यांचं काय ठरवलंय?" आईचा चेहरा उतरला. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत राहिले. प्रश्न रास्त होता की निर्दयी, हे मला तेव्हाही कळलं नाही.

पुढच्याच भेटीत मामाच्या हातातली सांडशी निसटली आणि उकळता चहा त्याच्या तळव्यावर सांडला. मॅडम शेजारीच उभ्या होत्या, हात मागे बांधून. त्यांनी लगेच त्याचा हात नळाखाली धरला, रिक्षाने दवाखान्यातही त्याच घेऊन गेल्या. पण परत आल्यावर माफी मागायची सोडून म्हणाल्या, "सांडशी ढिली आहे. बदलून घ्या." आईने गॅसचा लायटर मामाच्या हाताला लागू नये म्हणून कपाटावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार करायची म्हणून मला सोबत घेऊन निघाली. "तू दोन वाक्यं इंग्लिशमध्ये बोल. मग ऐकतात."

केंद्राच्या संचालकांनी मॅडमनाही खोलीत बोलावलं होतं. आईने सगळं सांगितलं. बाई आमच्याशी धड बोलत नाहीत, त्याच्यासमोर नको ते विचारतात, आणि तो भाजेपर्यंत नुसत्या बघत उभ्या होत्या. यातलं एकही खोटं नव्हतं. मॅडमनी फक्त मान हलवली. संचालकांनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"तिचंही तेच म्हणणं आहे," आई म्हणाली.

मॅडमचा तळवा वर गेला. "थांबा. त्यांना बोलू द्या."

स्वतःविरुद्धच्या तक्रारीत ही बाई माझ्यासाठी जागा करून देत होती. मला मामाचा सुजलेला हात दिसत होता, चहाचा ट्रे आणताना फुललेला त्याचा चेहराही दिसत होता. इंग्लिश तर सुचलंच नाही. शेवटी मी म्हणाले, "मला कळत नाहीये."

"हे पण उत्तरच आहे," मॅडम म्हणाल्या. आई पर्स उचलून माझ्याआधीच बाहेर पडली.

मॅडमना केंद्राने दूर सुरगाण्याकडच्या गावांतलं काम दिलं. शिक्षा म्हणून की त्यांनीच मागून घेतलं, कुणी सांगितलं नाही. मामा अजून महिन्यातून एकदा विचारतो, "थांबा मॅडम आज?"

आता नवीन मॅडम येतात. गोड बोलतात, आईच्या तब्येतीची चौकशी करतात, तिच्या हातचा चहा घेतात. आईला त्या आवडतात. मागच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की त्र्यंबक रोडला एक निवासी संस्था आहे, तिथे कायमची जागा मिळू शकते. "बंडूला आवडेल ना तिथे?" त्यांनी आईला विचारलं.

"त्याला काय, तो कुठेही..." आईने सुरुवात केली.

मामाने तळवा वर केला. भाजल्याचा डाग अजून तिथे आहे. "थांबा," तो म्हणाला.

आई थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो. नवीन मॅडमनी एकदा घड्याळ पाहिलं. मग मामा उठला, "चहा मी करतो," म्हणाला आणि आत गेला.

"म्हणजे जायला तयार आहे का नाही?" नवीन मॅडमनी विचारलं.

आईने या वेळी त्याच्या वतीने काही सांगितलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. आत लायटर ठेवलेल्या कपाटापाशी स्टूल सरकल्याचा आवाज आला. आई अर्धवट उठली, आणि मग परत बसली.