बांगड्यांच्या खोक्यावरचा तिसरा अंतरा

“हात ढिला सोड. हा हात तुझा न्हाईच, माझा हाय असं समज.”

बांगड्या भरायला बसलेल्या प्रत्येक बाईला ती हे सांगायची. मग अंगठ्याखालचं हाड दाबत, बोटं एकत्र चेपत, गप्पांच्या नादात बांगडी कधी मनगटावर चढवायची ते त्या बाईलाही कळायचं नाही. सेलूच्या आठवडी बाजारात बसणारी ही कासारीण तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. बांगडी फुटली तर “फुटली” म्हणू द्यायची नाही. “वाढली म्हण, वाढली,” असं दटावायची, आणि ज्या हातावर फुटली त्या हातालाच दोष द्यायची.

तिची माझी खरी ओळख मी शाळेतून निवृत्त झाल्यावर झाली. सुनेचं डोहाळजेवण होतं. ती ओसरीवर बांगड्या भरत होती आणि मी आतल्या खोलीत मित्राला फोनवर माझं रडगाणं सांगत होतो. वालूरला आमचे गुरुजी अंथरुणाला खिळले होते. वाचा गेलेली, उजवं अंग गेलेलं. त्यांनी बांधलेलं एक पद होतं, मुखडा आणि तीन अंतरे, प्रत्येक अंतऱ्याची चाल वेगळी. शिकवणी संपली तेव्हा त्यांनी आम्हा चार शिष्यांना त्याची स्वरलिपी वाटून दिली होती, प्रत्येकाला एकच भाग. “एकमेकांकडे जा, शिका आणि एक दिवस चौघं मिळून मला पूर्ण ऐकवा,” असं म्हणाले होते. आम्ही कोणी कोणाकडे गेलो नाही. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. गुरुजींनी स्वतःचं पद शिष्यांच्या तोंडून कधी पुरतं ऐकलंच नाही.

मुखडा माझ्याकडे होता. पहिला अंतरा परभणीच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे मिळाला. उरलेले दोन भाग मुलींकडे होते, आणि त्या मुली लग्नानंतर कुठे गेल्या, नावं काय झाली, काही पत्ता नव्हता.

“वालूरच्या पेटी वाजवणाऱ्या पोरी का?” ओसरीवरून आवाज आला. “दोघींचा लग्नाचा चुडा म्याच भरलाय. एक गंगाखेडला दिली, एक पूर्णेला.”

मी फोन ठेवून बाहेर आलो. “मावशी, नावं आठवतात?”

“नावं कशाला? हात आठवतेत.”

आणि दोन दिवसांनी ती मला घेऊन एसटीत बसली. मांडीवर बांगड्यांची टोपली आणि तोंडाचा पट्टा गंगाखेडपर्यंत चालू. कंडक्टरला आपल्याच गावचा जावई ठरवून झालं, माझ्या बुटांना नावं ठेवून झाली. गंगाखेडला उतरल्यावर एका दारात तिने छातीठोकपणे कडी वाजवली. बाई बाहेर आली. हिने तिचा हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “ही न्हवं.” ती बाई तोंडात बोट घालून बघत राहिली. तरी तिला चार बांगड्या विकूनच आम्ही निघालो.

तिसऱ्या दारात मात्र हात ओळखीचा निघाला. त्या बाईंनी गुरुजींचा कागद देव्हाऱ्यात, तसबिरीमागे ठेवला होता. हळदीकुंकवाचे डाग पडले होते, पण प्रत्येक स्वर वाचता येत होता. बाई रडल्या. मीही रडलो असतो, पण मावशी म्हणाली, “आटपा मास्तर, गाडी जाईल.”

पूर्णेला तसं झालं नाही.

घर रेल्वेच्या वस्तीपलीकडे होतं. बाईंनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहराच उतरला. “माझ्याकडे काही नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “कागदाची ट्रंक पुराच्या पाण्यात गेली. आणि इथं गाण्याचं बोलू नका. सासूबाईंना गाणं चालत नाही. मी शिकले होते हेही त्यांना माहीत नाही.”

मी उठलो. गुरुजींची तब्येत पाहता दुसरा कुठला रस्ता काढायला वेळ नव्हता. पण मावशी ओट्यावर फतकल मारून बसली होती.

“आलेच हाय तर हात दे. सुन्या हातानं कोन सोडंल तुला?”

तिने मुद्दाम एक नंबर लहान बांगड्या काढल्या. आत सासूबाई खाटेवर होत्या. त्यांनी विचारलं, “कोण आहे गं?” “कासारीण हाय आज्जी!” हिने ओरडून सांगितलं. बांगड्या भरताना सुनेला हाक मारायची नाही, एवढी रीत त्या म्हाताऱ्या बाईही पाळत होत्या. आणि मावशीच्या हातात अडकलेला हात सोडवून घेणं कुणाच्याच बापाला जमलं नसतं.

“आता म्हण,” मावशी खालच्या आवाजात म्हणाली. “मास्तराला पायजे ते म्हण. हात ढिला सोड, गळाबी ढिला सोड.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि तिसरा अंतरा अगदी हळू म्हणायला लागल्या. लग्नानंतर तो त्यांनी म्हटला असेल तो मनातल्या मनातच. तरी एक सूर हलला नाही. माझ्याकडे वही नव्हती. मावशीने न बोलता बांगड्यांच्या रिकाम्या खोक्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. त्याच्या आतल्या बाजूवर मी पेन्सिलीने स्वर लिहीत गेलो. मी मान हलवली की मावशी बांगडी अर्ध्यात अडकवून ठेवी, म्हणजे बाईंना तीच ओळ पुन्हा म्हणता येई.

“कोण गायलंय?” आतून आवाज आला.

मावशीने आतल्या दाराकडे मान वळवली.

“मीच वरडायले आज्जी!”

आत खाट करकरली. “तुझा गळा लय सुधारला की गं,” सासूबाई म्हणाल्या. “म्हण, म्हण. बरं वाटतंय.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बांगडी टोचली,” त्या म्हणाल्या. आणि उरलेली ओळ जरा मोठ्याने म्हणाल्या.

त्या ओळीत एक जागा होती. गुरुजींची सगळी ठेवण पाहता तिथे सूर वर चढायला हवा होता. बाई तिथे खाली उतरल्या, जिन्याची पायरी अंधारात चाचपावी तसं. हे गुरुजींचं होतं की इतक्या वर्षांत त्यांच्या मनात आपोआप बदललं होतं, त्यांनाही सांगता येईना. मी ऐकलं तसं लिहिलं.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तर, गंगाखेडच्या बाई आणि मी गुरुजींच्या उशाशी बसलो. तिसरा अंतराही मीच म्हटला. गुरुजी डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर ताल धरून होते. त्या जागेवर बोट थांबलं. मग ते बोट वर उठलं आणि गोल फिरलं. पुन्हा. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. त्यांच्या तोंडाचा जो अर्धा भाग हलत होता, तो हसत होता.

गुरुजी गेल्यावर सेलूला कार्यक्रम झाला. पद छापलं गेलं. प्रस्तावनेत मी लिहिलं की चारही भाग गुरुजींच्या मूळ कागदांवरून घेतले आहेत. पूर्णेच्या बाईंचं नाव येऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. मला शाल मिळाली. मागे बायकांत मावशी बसलेली दिसत होती. बाहेर पडताना मी म्हणालो, “मावशी, त्या बाईंचं नाव मुद्दामच घेतलं नाही.”

“बरं केलं. पर माझं घ्यायचं व्हतं की. मी नवं लुगडं नेसून आल्ते.”

एवढंच बोलली आणि माझी शाल बोटांत धरून कापड बघायला लागली. “लय पातळ हाय. थंडीत कामाची न्हाई.” पुढेही भेटत राहिली, सुनेच्या हाताला नावं ठेवत राहिली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

पूर्णेला आता सासूबाई नाहीत. बाईंनी फोनवर सांगितलं, नाव नको, पण बाकी सगळं लिहा. म्हणून लिहितो आहे. जिल्ह्यातल्या शाळांमधून मुलं ते पद म्हणतात आणि शिक्षक त्या उतरत्या जागेला ‘गुरुजींची खास जागा’ म्हणतात. ती जागा पूर्णेच्या एका बाईंच्या गळ्यातली आहे. गुरुजींनी ती आपली मानली, पण कागदावर त्यांनी काय लिहिलं होतं ते कुणालाच माहीत नाही. आणि ती आपल्यापर्यंत पोचली ती एका कासारणीमुळे.

तो मूळ कागद कुणाला पाहायचा असेल तर माझ्याकडे या. म्हणजे ते झाकण; पेटीवर उभं करून ठेवलं आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण अजून वाचता येते. झाकणाच्या बाहेरच्या बाजूची सोनेरी चमकी मात्र हात लावला की बोटांना लागते, आणि मग वाजवताना पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर उमटत जाते. मी ती पुसत नाही.