भुरीनं पाणी पेलं काय?

दादाला मी शेवटचं भेटले ती दुपारची वेळ होती. देऊळघाटच्या घरी ओसरीवर त्याची खाट टाकली होती, वहिनी दारात उभी होती. छातीत कफ इतका दाटलेला की दोन शब्दांच्या मध्ये त्याला थांबावं लागायचं. मी चिखलीहून एस.टी.नं आले, पिशवी खाली ठेवली, त्याच्या पायांना हात लावला. एवढा आजारी भाऊ बहिणीला काय विचारील? पोरं बरी आहेत का, पाहुणे, म्हणजे आमचे हे, का नाही आले, असंच काही. दादानं डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाला, "शांते... भुरीनं पाणी पेलं काय?" मी म्हटलं, "पेलं रे बाबा, सकाळीच भांडंभर पेलं. तू पे आता दोन घोट." शेजारी बसलेल्या एका बाईनं मला हळूच विचारलं, भुरी कोण, भाची का? मी सांगितलं, आमची कुत्री. बाईनं तोंडाला पदर लावला आणि हसली. हसू दे. तिला काय ठाऊक! त्याच आठवड्यात निरोप आला, दादा गेला. आता महिना होऊन गेला, पण तो प्रश्न काही कानातून जात नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. आमची बोली वऱ्हाडी, पुण्याकडच्या वाचकांना गावठी वाटेल. वाटू दे. दादाचं बोलणं मी धुऊनपुसून देणार नाही.

दादा माझ्याहून बराच मोठा. शेती करायचा, चांगली करायचा. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते कुत्र्यांच्या पारखीसाठी. सुगी झाली की धनगर आमच्या रानात मेंढ्या बसवायला यायचे, खतासाठी. त्यांच्या कळपासोबत कुत्री असायची आणि कुत्र्यांसोबत पिल्लं. मग लोक दादाला न्यायला यायचे, पार सुलतानपूरकडूनसुद्धा. "चाला भाऊ, पिल्लू पाहून द्या." हा निघाला ऐटीत, डोक्याला फेटा बांधून, जणू नवरी पाहायला! पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलायचं. जे केकाटेल ते बाद. मग पंजे उलगडून नखं मोजायची. साध्या कुत्र्याला अठरा नखं असतात. एखाद्याला मागच्या पायांना वर एकेक नख जास्तीचं, म्हणजे वीस. असं वीसनखी पिल्लू सापडलं की दादाचा चेहरा फुलायचा. वीसनखी कुत्रं वाघाला भीत नाही, चोराला सोडत नाही आणि पिसाळत नाही, ही आमच्याकडची ठाम समजूत. आमचे वडीलही तेच सांगायचे आणि गावातली शहाणी माणसंही तेच सांगायची. मला वाटतं, घरात देव असतो इतकीच ती गोष्ट खरी मानली जायची.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, त्या दिवसांतली गोष्ट. दादानं स्वतःच्या घरी असंच एक वीसनखी आणलं होतं, वाघ्या. धनगरी रक्ताचं, करडं, वासराएवढं. रात्री रानात राखणीला आणि दिवसा घरी. अंगणात त्याच्यासाठी दगडाची कुंडी होती, पाण्याची. दादाची एकुलती एक लेक कुशी. लग्नाला किती वर्षं झाल्यावर झालेली, नवसासायासाची. ती त्या वाघ्याच्या पाठीवर बसायची, त्याच्या कानात गाणी म्हणायची, कुंडीतल्या पाण्यात त्याच्यासोबत तोंड घालायला जायची आणि वहिनीचा धपाटा खायची. वहिनी म्हणायची, "अवो, राखणीचं कुत्रं रानात बांधा. घरात लेकरू हाये." दादा हसायचा. "त्याच्यासारखा भाऊ कुठं भेटंल पोरीले?"

त्या वर्षी रानात एक पिसाळलेलं कोल्हं आलं. वाघ्यानं त्याला लोळवलं, पण त्याच्याही ओठाला दात लागला. दादानं हळद आणि तिखट भरलं, झालं. शेजारचे आबा सांगायला आले, कुत्रं बांधून ठेव, नाही तर गोळी घालायला सांग कोणाला तरी. दादा म्हणाला, "आबा, वीसनखी हाये थो. त्याले काय होते?" नंतर काही आठवड्यांनी कुशी त्याला भाकर द्यायला गेली आणि वाघ्यानं तिच्या मनगटाला तोंड टाकलं. फार नाही, दोन दातांचे ठिपके. पोरगी रडलीसुद्धा नाही, उलट "वाघ्या आजारी हाये" म्हणून त्याचीच बाजू घ्यायला लागली. वहिनी म्हणाली, बुलढाण्याला दवाखान्यात चला, पोटात इंजेक्शनं देतात म्हणे. दादा म्हणाला, "घरचं कुत्रं हाये, खरचटलं असंल. त्या सुयांनी पोरगी मरून जाईन." बुलढाणा आमच्या गावाहून किती लांब? बैलगाडीनं निघालं तरी दुपारच्या आत पोचतं माणूस! मग वाघ्यानं पाणी प्यायचं सोडलं. कुंडी भरलेली, हा तिच्याकडं बघून गुरगुरायचा आणि मागं सरायचा. एके दिवशी दावं तोडून गेला तो नाल्यात मरून पडलेला सापडला. तेव्हा वहिनीनं पुन्हा दवाखान्याचं काढलं. तोवर जखम भरून आली होती. दादानं पोरीला शेजारच्या गावी नेलं, तिथं एक जण रविवारी गुळातून मुळी द्यायचा. पुष्कळ लोक न्यायचे, पुष्कळांची पोरं वाचलेली होती. आता मला कळतं, वाचलेल्यांना चावलेली कुत्री पिसाळलेली नसतीलच...

कुशी आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा मी तशीच निघाले. माझी थोरली दोघं लहान होती, त्यांना सासूबाईंच्या हवाली केलं. आतल्या खोलीच्या खिडकीला तरट लावलं होतं, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा कुशीला सहन होईना. ती शुद्धीत होती. तेच फार वाईट होतं. "बाबा, पाणी द्या," म्हणायची. दादा फुलपात्र पुढं करायचा आणि ते दिसलं की तिचा गळा आवळून यायचा, सगळं अंग ताठ व्हायचं, "दूर न्या, दूर न्या" म्हणून ओरडायची. थोड्या वेळानं पुन्हा, "बाबा, तहान लागली हो." बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं होतं, आता कोणाच्याच हातात काही नाही. तरी दादा ते फुलपात्र खाली ठेवीना. पाणी धोतरावर सांडायचं, तो पुन्हा भरून आणायचा. मी म्हटलं, "दादा, नको रे दाखवू तिला." तो म्हणाला, "पेली त पेली... एक घोट पेली त वाचंल." ती तहानेली गेली. माझ्या डोळ्यांसमोर गेली. देवाला मी त्या दिवसापासून काही मागितलेलं नाही.

वहिनी रडली नाही. सगळं उरकून लोक परतले, तेव्हा ती अंगणात आली, त्या दगडी कुंडीतलं पाणी तिनं ओतलं आणि एकटीनं ती जड कुंडी उपडी केली. मग दादासमोर उभी राहून म्हणाली, "कुत्र्याचे नखं मोजले तुमी. पोरीच्या हातावरचे दात नाई मोजले." एवढंच. त्या दोघांना पुढं मूल झालं नाही. ती कुंडी तशीच उपडी राहिली. येणारेजाणारे तिच्यावर बसायचे, बाया तिच्यावर पाय घासायच्या, कोणी ती सुलटी केली नाही. लोक पिल्लू पाहायला बोलवायला यायचे, तेव्हा दादा आत निघून जायचा. वहिनी दारातून सांगायची, "ते नाई येत आता."

या गोष्टीला काही वर्षं लोटली. चिखलीला आमचं घर तेव्हा गावाच्या कडेला होतं, चोऱ्या होत होत्या, आणि आमचे हे शाळेच्या कामानं चार-चार दिवस बाहेर. त्यातून पोरांचा हट्ट. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाचं अल्सेशन कुत्रं मिळणार होतं, तर सगळे खूश. भाऊबीजेला दादा आला. ताटावर बसला आणि माझी धाकटी शालू मांडीवर उडी मारून म्हणाली, "मामा, आमच्याकडं कुत्रं येणार!" दादाचा घास हातातच राहिला. ताट तसंच सोडून उठला. मी म्हटलं, झालं, आता हा तडक गावाला जाणार आणि पुन्हा माझ्या दारात यायचा नाही. पण तो ओसरीवर जाऊन बसला. तिथून मला बोलावलं. "शांते, कुत्रं आणू नको असं म्या म्हनलं त ऐकशील?" मी खरं तेच बोलले, "मी ऐकीन रे, पण हे नाही ऐकणार, आणि पोरं गल्लीतलं पिल्लू उचलून आणतील. आजच शालूनं एक फ्रॉकमध्ये लपवून आणलं होतं." तो म्हणाला, "मंग मीच पाहातो."

अल्सेशन पाहायला तो यांच्यासोबत गेला. देखणं जनावर, सांगितलं की बसायचं, सांगितलं की उठायचं. दादानं नखांकडं नजरसुद्धा टाकली नाही. विचारत काय बसला? याला खाऊ कोण घालतं, हे जेवताना कोणी जवळ गेलं तर काय करतं, याला पिसाळू नये म्हणून देतात ती सुई झाली आहे का आणि कधी झाली. सगळी उत्तरं बरी मिळाली, तरी घरी येऊन म्हणाला, "नाई. थे साहेबाचं कुत्रं हाये, साहेब गेला का त्याचं डोकं फिरंल." आमचे हे चिडले. म्हणाले, तुमच्या भावाला अल्सेशनमधलं काय कळतं! खरं सांगायचं तर ते कुत्रं चांगलंच होतं. दुसऱ्या एका घरी गेलं आणि तिथल्या लेकरांत मजेत म्हातारं झालं. दादाची ती पारख नव्हती, भीती होती. पण भ्यालेल्या माणसाला कोण समजावणार? आणि त्यानं का भिऊ नये?

दादा आमच्याकडं मुक्काम ठोकून राहिला. शेत वाऱ्यावर, आणि हा सकाळ-दुपार चिखलीच्या गल्ल्यांतून हिंडायचा. बाजारामागं एक भुरकट कुत्री होती, एका कानाची पाळी फाटलेली. तिची पिल्लं मोटारीखाली गेली होती. गल्लीतली पोरं तिच्या अंगावर लोळायची, तिच्या तोंडातला तुकडा ओढायची, ती फक्त तोंड फिरवायची. दादा रोज तिच्यासमोर उकिडवा बसून राहायचा. लोक मला विचारायचे, "काऊन वो बाई, भावाचं ठिकानावर हाये ना?" शेवटी तिला दोरी लावून घरी घेऊन आला. शेजारपाजार हसला. मादी कोणी पाळतं का? दर वर्षाला पिल्लांचा लबेदा! आमचे हे तर दोन दिवस बोलले नाहीत. दादानं कोणाचं ऐकलं नाही. गुरांच्या दवाखान्यात नेऊन स्वतःच्या मांडीखाली दाबून तिला सुई दिली आणि तरीही पुढं कितीतरी दिवस तिला अंगणाच्या टोकाला बांधून ठेवलं. पोरांना जवळ जाऊ देईना. रोज तिच्यापुढं पाण्याचं भांडं ठेवायचा आणि ती ते पिऊन संपवीपर्यंत उभा. मग एके दिवशी दोरी सोडली, शालूला पुढं केलं आणि स्वतःचा हात त्या कुत्रीच्या तोंडाजवळ धरून ठेवला. चावायचंच झालं तर मला चाव, असा. भुरीनं शालूचा गाल चाटला. दादा माझ्या पोरांसमोर ढसाढसा रडला.

त्यानंतर दर खेपेला तेच. दादा आला की मी पाण्याचा तांब्या द्यायची. तो आधी भुरीच्या भांड्यात ओतायचा आणि ती लपलप पिऊन झाली की उरलेलं स्वतः प्यायचा. माझ्या पोरांनाही म्हणायचा, "पे रे, माह्यासमोर पे." पोरं हसायची. मामा आला, पाण्याची तपासणी आली! वर्षाला एकदा सुईसाठी तोच यायचा, पाऊस असो, पेरणी असो. पण भुरीला त्यानं कधी गोंजारलं नाही. आणि वहिनी? तिनं माझ्या घराची पायरी चढणं बंद केलं. लग्नाकार्यालासुद्धा बाहेरच्या बाहेर भेटायची. एकदा मी म्हटलं, "वहिनी, दादानं खूप पाहून आणलीय हो." ती म्हणाली, "तुमच्या लेकरांसाठी पाह्यलं ना बाई. बरं झालं." वहिनीच्या मनातलं दादालाही ठाऊक होतं. मला एकदाच म्हणाला होता, "तिनं मले माफ करू नये, शांते. म्याच नाई केलं."

दादाच्या तेरवीला मी देऊळघाटलाच होते. पंगती उठल्या, पत्रावळी परसात गेल्या, पाहुणे एकेक करून निघाले. ओसरीवरची खाट उचलून भिंतीला लावलेली. गल्लीतली एक कुत्री, आचळं लोंबणारी, उष्ट्यावर आली. भात खाल्ला आणि जीभ बाहेर काढून धापा टाकत अंगणात उभी राहिली. मी हाकलायला म्हणून काठी शोधत होते, कारण वहिनीचा स्वभाव मला माहीत. तेवढ्यात वहिनी आतून आली, बादली घेऊन. बादली तिनं खाली ठेवली, पदर खोचला आणि त्या उपड्या कुंडीला दोन्ही हात घातले. मी धावले, "वहिनी, थांबा, जड आहे." तिनं मला मानेनंच नको म्हटलं. म्हातारी झाली होती, तरी तेव्हा एकटीनं उपडी केली तशी आता एकटीनंच सुलटी केली. आत किडे होते, माती होती. हातानं पुसून काढली, तळाशी थोडं पाणी ओतलं आणि मागं सरून उभी राहिली.

कुत्री घाबरत घाबरत आली. वास घेतला. मग लपलप पिऊ लागली, बराच वेळ. वहिनी हलली नाही. कुंडीचा तळ दिसेपर्यंत तिथंच उभी होती. मग पदरानं हात पुसत ओसरीवर आली, भिंतीला लावलेल्या खाटेजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "पेलं, अवो... सारं पेलं."